उपकार, पावती आणि उतराई : महिपतींच्या संतचरित्रांतील संकटनिवारणाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी संतसाहित्याच्या इतिहासात महिपती (१७१५-१७९०) यांचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. वारकरी कीर्तनकारांना त्यांच्या ग्रंथांवाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. इतिहासाचा अभ्यासक मात्र तेच ग्रंथ हाती घेताना बिचकतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या ग्रंथात संतांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, तेव्हा त्यांना महिपतींच्याच चरित्रांचा आधार घ्यावा लागला. पुढील काळात साधनचिकित्सा जसजशी कठोर होत गेली तसतसा महिपतींच्या ग्रंथांतील चमत्कारांचा भाग अडचणीचा वाटू लागला. चमत्कार गाळावेत आणि उरलेला तपशील जपून वापरावा, अशी एक सोयीस्कर रीत रूढ झाली.

प्रस्तुत लेखात याच्या उलट दिशेने विचार करण्याचा प्रयत्न आहे. देवाने भक्ताला संकटातून सोडविल्याच्या कथा घडल्या किंवा नाहीत, हा येथे विचाराचा विषय नाही. त्या कथा ज्या तपशिलाने सांगितल्या गेल्या, तो तपशील हेच येथे साधन मानले आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहुरी तालुक्यात ताहाराबाद या लहानशा गावी बसून अठराव्या शतकातील एक वतनदार कुलकर्णी ईश्वरी कृपेचे वर्णन करतो, तेव्हा त्या वर्णनात पावती, हुंडी, हिशेबातील चूक, कर्जखते अशा वस्तू वारंवार येतात. हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. संकटातून सुटका झाल्यावर माणूस देवाचे जे देणे लागतो त्याचा विचार महिपतींनी गावच्या दप्तराच्या भाषेत केला आणि हे देणे कोणत्याही दप्तरात मिटत नाही, हेही त्यांनी त्याच भाषेत दाखविले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

ताहाराबादचे कुलकर्णी

महिपतींचे घराणे कांबळे या उपनावाचे, ऋग्वेदी देशस्थ ब्राह्मणांचे. वडील दादोपंत यांच्याकडे ताहाराबादचे कुलकर्ण वंशपरंपरेने होते व पंढरीच्या विठ्ठलाची भक्तीही त्यांच्याच घरातून महिपतींना मिळाली. कुलकर्णी हा गावगाड्यातील लेखनिक. गावची जमीन, तिची लावणी, रयतेकडील वसूल, बाकी, सूट यांची नोंद ठेवणे आणि वरच्या कचेरीला हिशेब समजावणे हे त्याचे काम. पाटलाच्या हाती अधिकार असे, परंतु कागद कुलकर्ण्याच्या हाती असे. आणि ज्याच्या हाती कागद, त्याच्या शब्दाला गावात वेगळेच वजन येते. म्हणूनच कुलकर्ण्याविषयी गावांत आदर आणि धास्ती या दोन्ही भावना एकत्र नांदत आल्या आहेत.

परंपरागत चरित्रात महिपतींच्या आयुष्यातील एक प्रसंग आवर्जून सांगितला जातो. ते देवपूजेत असताना गावच्या जहागीरदाराकडून बोलावणे आले. पूजा संपल्यावर येतो, असे सांगूनही शिपायाने तगादा व उर्मटपणा केला. महिपती कचेरीत गेले, काम उरकले आणि घरी परतल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवून यापुढे ती संतचरित्राखेरीज कशासाठीही उचलायची नाही असा निश्चय केला. या प्रसंगाला समकालीन कागदाचा आधार नाही. तथापि परंपरेने महिपतींच्या ग्रंथलेखनाचा उगम साक्षात्कारात न शोधता कचेरीतील अपमानात शोधला, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. स्वप्नात तुकारामांनी दिलेल्या उपदेशाची कथा आहेच, पण तीही या लेखणीच्या गोष्टीला बाजूला सारू शकलेली नाही.

सर्वसाधारणपणे त्या काळी हिशेब मोडीत लिहिला जाई आणि पोथी बाळबोधीत. एकाच हाताला दोन वळणे असत. महिपतींनी एक वळण सोडले. मात्र त्या वळणात विचार करण्याची सवय त्यांच्या ओवीत शिल्लक राहिली. आपण मनचे काही लिहिलेले नाही, उत्तरेकडील नाभाजी आणि माणदेशातील उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांच्या आधारे लिहिले आहे, असे ते भक्तविजयाच्या आरंभीच सांगतात. भक्तिग्रंथात आधार सांगण्याची ही काळजी म्हणजे नम्रता तर आहेच, पण नोंदीमागे मूळ कागद दाखविण्याची कुलकर्ण्याची शिस्तही तीत दिसते.

ग्रंथ आणि त्यांचा काळ

भक्तविजय हा ५७ अध्यायांचा ग्रंथ शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ मध्ये पूर्ण झाला. भक्तलीलामृत हा ५१ अध्यायांचा ग्रंथ शके १६९६ चा, म्हणजे १७७४ चा. यांतील पहिल्या तारखेकडे अभ्यासकांचे जेवढे लक्ष जायला हवे होते तेवढे गेलेले नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. महाराष्ट्रातील क्वचितच एखाद्या प्रमुख घराण्यावर त्याचा आघात झाला नसेल. त्याच वर्षी २३ जून रोजी नानासाहेब पेशवे वारले. नगरचा किल्ला १७५९ मध्ये पेशव्यांकडे आला होता, पण त्यामुळे या मुलखाला स्वस्थता लाभली असे मात्र नाही. पानिपतानंतरच्या दुर्बलतेचा फायदा घेऊन १७६१ च्या अखेरीस निजामअली पुण्याच्या रोखाने निघाला आणि त्याच्या फौजेने वाटेत गोदावरी-प्रवरेच्या संगमावरील टोक्याच्या देवळांचा विध्वंस केला. टोके आज नेवासे तालुक्यात आहे. ज्या नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच परिसरातील ही घटना. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवन येथे निजामाचा पराभव होईपर्यंत गोदाकाठ लष्करांच्या टाचेखालीच होता.

भक्तविजय या दिवसांत लिहून पुरा झाला. युद्धाचे वृत्त देणे हे त्या ग्रंथाचे प्रयोजन नाही आणि तशी अपेक्षा करणेही चुकीचे ठरेल. परंतु या काळातील राजकीय पत्रव्यवहार शेजारी ठेवून पाहिला म्हणजे एक फरक डोळ्यांत भरतो. मराठी दरबारी पत्रांत यशाचे, बचावाचे किंवा सुखरूप परतल्याचे वर्तमान लिहिताना ते धन्याच्या पुण्यप्रतापाने घडले, असे लिहिण्याचा प्रघात होता. ईश्वरकृपेचा उल्लेख असे, पण तिच्या जोडीला स्वामींचे पुण्यही असेच. अशा रीतीने कृतज्ञतेची एक पायरीपायरीची रचना तयार होई : चाकराने सरदाराचे, सरदाराने पेशव्याचे, पेशव्याने छत्रपतींचे आभार मानावेत. महिपतींच्या कथांत ही मधली पायरी नाही. शिंपी, कुंभार, न्हावी, दासी यांच्यावर संकट येते आणि कोणाही धन्याच्या पुण्याईवाचून ते टळते. आभार सरळ विठ्ठलाकडे जातात. ज्या कुलकर्ण्याने कचेरीसाठी लेखणी न उचलण्याची शपथ घेतली असे परंपरा सांगते, त्याच्या ग्रंथांत असे व्हावे हे सुसंगतच म्हणावे लागेल.

दामाजीपंतांची पावती

महिपतींच्या कथांपैकी संकट, सुटका आणि हिशेब यांची सर्वांत घट्ट वीण दामाजीपंतांच्या कथेत आढळते. कथा सर्वपरिचित आहे. बेदरच्या बादशहाचा अंमलदार म्हणून दामाजी मंगळवेढ्याला होता. दुष्काळ पडला, अन्नाविना माणसे मरू लागली. दामाजीने सरकारी धान्याची कोठारे हुकमावाचून उघडली व धान्य लोकांना लुटविले. हाताखालच्या अधिकाऱ्याने ही बातमी बेदरला पोहोचविली. दामाजीला धरून आणण्याचा हुकूम सुटला. बेदरला जाताना वाटेत पंढरपुरी त्याने विठ्ठलाचे दर्शन घेतले. इकडे दामाजी पोहोचण्यापूर्वीच विठू नावाचा एक महार बादशहापुढे उभा राहिला, दामाजीने धान्याची किंमत पाठविली आहे असे सांगून त्याने थैली ओतली, रक्कम मोजून दिली आणि पावती मागून घेतली. ती पावती दामाजीला आपल्या गीतेच्या पोथीत सापडली.

दुष्काळकथांत देव पाऊस पाडतो, रिकामी कणगी भरतो, हा प्रकार जगभर आढळतो. महिपतींच्या कथेत यांतील काहीच घडत नाही. देव सरकारी देणे चुकते करतो. देणे माफही होत नाही आणि बादशहाला शासनही होत नाही. सरकारचा धान्यावरील हक्क कथेने पूर्णपणे मान्य केलेला आहे. किंबहुना तो मान्य केल्यावाचून पावतीला अर्थच उरत नाही. येथे कुलकर्णी बोलतो आहे. मराठी राज्यात दुष्काळ किंवा परचक्र आल्यावर उजाड गावांना वसुलात सूट देण्याची, कौल देऊन रयत परत वसविण्याची पद्धत होती व महिपतींना व्यवसायाने ती ठाऊक असणारच. तरीही त्यांचा देव सूट मिळवून देत नाही. सूट ही राजाची कृपा असते आणि ती मिळाली की आभार राजाचे मानावे लागतात. रक्कम भरून पावती घेतली की राजाचा संबंध तेथेच संपतो. दामाजी बादशहाचा एका कवडीनेही देणेकरी उरत नाही आणि म्हणूनच तो त्याची चाकरी सोडून पंढरीला जाऊन राहू शकतो. बादशहापासून मुक्त झालेला हा माणूस विठ्ठलाचा मात्र जन्माचा ऋणको झाला. पहिले ऋण फिटल्याचा कागद हेच दुसऱ्या ऋणाचे खत, अशी या कथेची मांडणी आहे.

कथेतील महाराविषयी येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण याबाबत भक्तिपर विवेचनात पुष्कळदा घाई होते. विठ्ठलाने महाराचे रूप घेतले हे देवाच्या समदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगितले जाते आणि पुढे जायचे. परंतु देवाने नेमके हेच रूप का घेतले, याचे उत्तर गावगाड्याच्या व्यवहारात आहे. गावचा वसूल कसब्याच्या कचेरीत पोहोचविणे, सरकारी टपाल व सामान वाहणे, वाटाड्या होणे ही महार वतनदाराची कामे होती. पैसे महार नेई आणि पैसे पोहोचल्याची पावती तोच आणून कुलकर्ण्याच्या हाती देई. बेदरच्या दरबारात थैली घेऊन आलेला महार पाहून कोणाला संशय येत नाही, याचे कारण असा माणूस अशाच कामासाठी येत असे. महिपतींनी चमत्कार रचताना रोजच्या पाहण्यातील घटना जशीच्या तशी ठेवली, फक्त वाहकाच्या जागी देव आणला.

आता कृतज्ञता कोणाच्या वाट्याला येते ते पाहावे. दामाजी विठ्ठलाचे उपकार स्मरतो, कीर्तनातील श्रोतेही विठ्ठलाचा जयघोष करतात. ज्याचे रूप देवाने घेतले तो खरा वाहक, जो ऊन-पावसात दुसऱ्याचे पैसे विश्वासाने पोहोचवीत आला आणि ज्याला त्या कामाबद्दल बलुत्यापलीकडे फारसे काही मिळाले नाही, तो कथेत कोठेच नाही. त्याची वेठ देवाच्या अंगावर शोभून दिसते; त्याच्या स्वतःच्या अंगावर ती वेठच राहते. महिपतींना दोष देण्यासाठी हे म्हटलेले नाही. अठराव्या शतकातील एका ब्राह्मण वतनदाराने सर्वांत हलक्या मानल्या गेलेल्या गावकामगाराच्या रूपात देव उभा केला, याचे मोल कमी होत नाही. पण कृतज्ञतेच्या इतिहासात आभार कोणाचे मानले गेले याइतकाच, कोणाचे मानायचे राहिले हाही प्रश्न येतो. याच महार वतनातील वेठबिगारीवर बोट ठेवून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. कुलकर्ण वतन १९५० च्या कायद्याने गेले. महार वतनासारखी कनिष्ठ गणलेली गावकी वतने जाण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. दामाजीच्या कथेतील पावती लिहिणारा, नेणारा आणि जपून ठेवणारा यांची गावातील नाती अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होती.

हुंडी, एका पैची चूक आणि इंद्रायणी

दामाजीची कथा एकटी असती तर तिच्यावर एवढा भार टाकणे योग्य ठरले नसते. परंतु हीच दृष्टी इतरत्रही दिसते. नरसी मेहता यात्रेकरूंना द्वारकेच्या सावळशा सावकारावर हुंडी लिहून देतो. असा सावकार द्वारकेत नाही, यात्रेकरू हवालदिल होतात आणि मग साक्षात कृष्ण व्यापाऱ्याच्या वेषात ती हुंडी पटवतो. हुंडी पटणे म्हणजे लिहिणाऱ्याची पत राखली जाणे. येथे संकट प्राणावर आलेले नाही, पतीवर आलेले आहे. आणि बाजारपेठेत पत जाणे म्हणजे काय हे व्यापारी गुजरातेइतकेच नगर, पैठण, पुणे येथील पेढ्यांशी परिचय असलेल्या मराठी श्रोत्यालाही समजावून सांगावे लागत नव्हते. सेना न्हाव्याच्या कथेत देव त्याची धोपटी घेऊन राजाची हजामत करून येतो. नोकरीवर वेळेवर हजर न राहिल्याचा दोष टळतो. भानुदासांवर चोरीचा आळ येतो आणि ज्या सुळावर त्यांना द्यायचे त्या सुळालाच पालवी फुटते. या एका कथेत मात्र कागद नाही, साक्षीदार नाही, केवळ हिरवा अंकुर आहे. महिपतींच्या लेखणीतील दप्तर येथे क्षणभर बाजूला पडलेले दिसते.

एकनाथांच्या चरित्रातील एका प्रसंगात हे दप्तर पुन्हा मध्यभागी येते. देवगडावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना एकनाथांकडे हिशेबाचे काम होते. एका पैची चूक लागेना म्हणून ते रात्रभर दिवा लावून बसले. चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. एका पैच्या चुकीने जर एवढा आनंद होतो तर संसाराची मोठी चूक सापडल्यावर किती होईल, अशा आशयाचा बोध गुरूंनी त्या वेळी केला. रात्री उशिरापर्यंत ताळेबंद जुळविण्यात ज्याने आयुष्याचा काही भाग घालविला आहे त्यालाच या टाळीचा आवाज नीट ऐकू येईल. ही कथा महिपतींपूर्वीही प्रचलित असेल. पण तिच्यातील गोडी कुलकर्ण्याने ओळखली.

तुकारामांच्या चरित्रात हे सूत्र टोकाला जाते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकारामांचे दुकान बुडाले, पहिली पत्नी अन्नाविना गेली. पुढे वैराग्य आल्यावर वडिलांपासून चालत आलेली लोकांकडील कर्जखते त्यांनी बाहेर काढली. धाकटा भाऊ कान्होबा याचा निम्मा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. काही वर्षांनी त्याच इंद्रायणीत त्यांना अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या आणि परंपरेनुसार तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. हे दोन्ही प्रसंग महिपतींनी सांगितले आहेत. कीर्तनांत दुसऱ्याचा गाजावाजा होतो, पहिला बहुधा ओझरता येतो. वास्तविक दोन्ही एकत्र वाचले पाहिजेत. एकाच नदीत दोन प्रकारचे कागद गेले. लोकांनी तुकारामांचे जे देणे होते त्याचा कागद नदीने ठेवून घेतला. तुकारामांनी देवाला जे दिले होते त्याचा कागद परत आला. त्यातही एक गोष्ट विसरता येत नाही. दुष्काळातून तुकारामांची सुटका झालेली नव्हती. बायको गेली, दुकान गेले, गुरे गेली. ज्याला वाचविले गेले नाही त्याने देणेकऱ्यांना सोडून दिले. कृतज्ञता ही सुटकेची परतफेड असते, हा सामान्य समज येथे लागू पडत नाही.

ज्यांची सुटका झाली नाही

या दृष्टीने मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेची कथा भक्तविजयात असावी हे महत्त्वाचे आहे. बेदरच्या बादशहाने तिला बळाने नेण्याचा हुकूम दिला. दामाजीच्या कथेतील गाव मंगळवेढे आणि दरबार बेदरचा. कान्होपात्रेच्या कथेतही तेच. दामाजीसाठी विठ्ठल थैली घेऊन बेदरला गेला. कान्होपात्रेसाठी तो कोठेही गेला नाही. तिने देवाच्या पायांवर डोके ठेवले आणि तेथेच प्राण सोडले. देवळाच्या दक्षिण दारी तिला पुरले, तेथे तरटीचे झाड उगवले, असे परंपरा सांगते. संकट टळले असे म्हणावे तर माणूस उरले नाही. टळले नाही म्हणावे तर शिपायांच्या हाती काही लागले नाही.

सरकारी धान्याची किंमत करता येते, म्हणून ती भरता येते. स्त्रीच्या देहावर सत्तेने सांगितलेल्या हक्काची किंमत भरून पावती घेण्याचा मार्ग महिपतींच्या देवालाही मोकळा नव्हता, कारण किंमत भरणे म्हणजे हक्क मान्य करणे. दामाजीच्या कथेत जे मान्य करता आले ते येथे करता आले नाही. महिपतींनी हा विचार अशा शब्दांत केला होता असे म्हणण्यास आधार नाही, परंतु दोन कथांचे शेवट इतके वेगळे का, याचे हे एक संभाव्य उत्तर आहे. संकटनिवारणाच्या कथासंग्रहात कान्होपात्रेला जागा देऊन महिपतींनी आपल्या ग्रंथाला नवसाच्या हिशेबापासून वाचविले, एवढे निश्चित म्हणता येईल. नवसात अट आधी असते आणि आभार नंतर. काम झाले नाही तर देणेही लागत नाही. कान्होपात्रा त्या व्यवहारात बसत नाही.

ताहाराबाद, राहुरी आणि समिट

महिपतींच्या निधनानंतर ४१ वर्षांनी, १८३१ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे आपले केंद्र सुरू केले. १८४२ मध्ये याच शहरातून ज्ञानोदय हे नियतकालिक निघू लागले. आरंभीच्या मिशनरी लेखनात संतचरित्रांतील चमत्कारांची संभावना उपहासाने होत असे. त्याच मिशनच्या परिसरात पुढील शंभर वर्षांत महिपतींचे सर्वांत चिकाटीचे भाषांतरकार निर्माण व्हावेत, हा इतिहासातील एक मजेदार उलटफेर आहे. जस्टिन ॲबट यांनी मिशनमधील दीर्घ सेवेनंतर अमेरिकेत न्यू जर्सीतील समिट या गावी राहून महाराष्ट्रातील संतकवींवर इंग्रजी ग्रंथमाला काढली. १९२६ मध्ये तिचा पहिला ग्रंथ आला तो भानुदासांवर. १९३० मधील तुकारामचरित्र महिपतींच्याच ओव्यांवर आधारलेले होते. ॲबट १९३२ मध्ये निवर्तले. नरहर गोडबोले यांच्या सहकार्याने केलेले भक्तविजयाचे संपूर्ण भाषांतर त्यांच्या पश्चात १९३३-३४ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाले. उपहासापासून संपूर्ण भाषांतरापर्यंतचा हा प्रवास केवळ विद्वत्तेचा नव्हता. दरम्यानच्या काळात जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळींनी महिपतींच्या वाटेवरील गाण्याची रीत स्वतः उचलली होती.

मराठी बायबलने देवाचे आभार मानण्याच्या क्रियेसाठी 'उपकारस्तुती' हा शब्द रूढ केला. संतांच्या भाषेतील 'उपकार' त्यात जसाच्या तसा आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरचे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१-१९१९) यांनी इंग्रजी चालींवरील भाषांतरित गीतांऐवजी अभंग, ओवी आणि भजन यांतून उपासनेची गीते रचली. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, त्यानंतर त्यांचे कार्यक्षेत्र प्रामुख्याने नगर जिल्हा हेच राहिले आणि काही वर्षे त्यांचे वास्तव्य राहुरीस होते. ताहाराबाद त्याच तालुक्यात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांमुळे राहुरीचे ते दिवस मराठी वाचकांना चांगले परिचित आहेत. तुकारामांचे ऋण टिळकांनी उघडपणे मान्य केले होते, आणि त्या काळी तुकारामांचे चरित्र सामान्य माणसापर्यंत पोहोचत होते ते प्रामुख्याने महिपतींमार्फत.

टिळकांची भजने जिल्ह्यातील ज्या मंडळ्यांत गायिली जात, त्यांतील बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजातून आलेली होती. १८७६-७७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत त्यांतील अनेकांनी मिशनच्या अन्नछत्रांचा आणि अनाथगृहांचा आसरा घेतला होता. धान्य मिळाल्याने धर्म बदलला, असा आक्षेप त्यांच्यावर तेव्हा घेतला गेला आणि नंतरही घेतला जातो. या आक्षेपात कृतज्ञतेचा अर्थ पुन्हा एकदा देण्याघेण्याचा व्यवहार असा लावलेला आहे. मंगळवेढ्याला दामाजीने कोठारे उघडली तेव्हा धान्य नेणाऱ्यांनी दामाजीला काय दिले, असा प्रश्न कोणी कीर्तनात विचारलेला आढळत नाही. राहुरीच्या आणि नगरच्या चर्चमध्ये टाळ-मृदंगाच्या साथीने उपकारस्तुती गाणाऱ्यांत अशी घराणी होती की ज्यांच्या वाडवडिलांनी गावोगावचा वसूल डोक्यावर वाहून कचेरीत पोहोचविला होता आणि कुलकर्ण्यासाठी पावती आणली होती. विठ्ठलाने बेदरच्या दरबारात ज्यांचे रूप घेतले होते ते लोक आता स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या आवाजात देवाचे आभार मानीत होते. अभंगाची चाल तेवढी जुनीच होती.